नदीकाठचे प्रभारी

बाळांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं भांडत होतात आणि मी मधल्या चौकटीत अडकून तुमच्याकडे आळीपाळीने बघत होते. तुमच्या युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल संघाने नवा मुख्य प्रशिक्षक नेमला आहे. ताईचं म्हणणं, ज्या माणसाने आयुष्यात एकदाही मुख्य प्रशिक्षकाचं काम केलेलं नाही त्याच्या हाती एवढा मोठा संघ देणं म्हणजे शिकाऊ लायसन्सवाल्याला स्कूल बस चालवायला देणं. तुमच्या बाबांनी मागून स्कूल बसची एसटी केली आणि वर घाट जोडला. धाकट्याचं म्हणणं, कुठलाही माणूस कधीतरी पहिल्यांदाच करतो. शेवटी धाकटा म्हणाला, "आजी, तूच सांग. तू आमच्यापेक्षा जास्त मॅचेस बघतेस." त्यावर तुम्ही सगळे हसलात.

मी म्हटलं, लिहून सांगते. फोनवर माझे मुद्दे सुटतात. शिवाय ज्यांच्याबद्दल सांगायचं होतं ते माझे जपानी जावई, म्हणजे तुमचे काका, त्याच वेळी बाजूच्या खोलीत शिट्टी धुऊन पुसत बसले होते. पुढच्या महिन्यात इथला हंगाम सुरू होईल, आणि एकदा तो सुरू झाला की आमच्या घरात हा विषय काढत नाहीत. म्हणून आत्ताच लिहून टाकते आहे. माझं शिक्षण इंग्रजीत झालं, नोकरीही इंग्रजीत झाली, तरी हे मराठीतच लिहिणार आहे. अडेल तिथे बाबांना विचारा.

तुम्हाला माहीत आहे की मी इथे तीन महिन्यांसाठी आले होते. आजोबा गेल्यावर आत्या तोक्योहून म्हणाली, थोडे दिवस माझ्याकडे ये. त्याच सुमारास पुण्याची आपली बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली. मी इथे असतानाच ती पाडली. माझं स्वयंपाकघर होतं तिथे आता खड्डा आहे आणि त्यात पाणी साचतं, असं समोरच्या काकूंनी फोटो पाठवून कळवलं. बिल्डर म्हणतो, दिवाळीला पाया भरू. कुठल्या दिवाळीला ते म्हणत नाही. व्हिसाचे कागद आत्याने सांभाळले, आणि तीन महिन्यांची मी इथलीच झाले.

आत्याचा फ्लॅट एदोगावात, नदीजवळच्या इमारतीत, नवव्या मजल्यावर आहे. घर नेटकं आहे, पण खिडक्या वीतभर उघडतात आणि मग अडतात; त्या तशाच बनवल्या आहेत. दाराची बेल वाजली की छोट्या पडद्यावर एखादा माणूस दिसतो आणि अत्यंत नम्रपणे काहीतरी बोलतो. ते मला कळत नाही, आणि मला कळत नाही हे त्याला सांगता येत नाही. तो वाकून निघून जाईपर्यंत मी स्वतःच्याच घरात चोरासारखी उभी असते. खालचं चोवीस तास उघडं कोनबिनी दुकान, स्टेशनचा रस्ता आणि कचरा वेगळा करायच्या जाळ्या, एवढंच माझं राज्य. संध्याकाळी आत्या ऑफिसातून आली की विचारते, "आज बाहेर गेली होतीस का?"

"गेले होते."

"कुठे?"

"गॅलरीत."

पहिल्यांदा ती हसली होती. आता हसत नाही.

या गॅलरीतूनच मला काकांचा संघ दिसला. नदीच्या बांधापलीकडे मैदानांची रांग आहे आणि त्यातल्या शेवटच्या मैदानावर शनिवार-रविवारी पोरं हेल्मेट घालून एकमेकांवर धडकतात. तुमच्याकडे अमेरिकेत ज्याला नुसतं फुटबॉल म्हणतात त्याला इथे आमेफुतो म्हणतात, अमेरिकन फुटबॉलचं आखूड रूप. पूर्व तोक्योतल्या एका लहानशा विद्यापीठाचा हा संघ, स्पर्धेतल्या खालच्या गटातला. काका विद्यार्थी असताना याच संघात सेंटर होते. म्हणजे चेंडू त्यांच्या हातातून मागे जाऊन खेळ सुरू होणार, आणि पुढच्याच क्षणी ते ढिगाखाली. पुढे ते तोयोसूच्या एका कंपनीत लागले, लग्न केलं, चाळिशी ओलांडली, पण शनिवार-रविवार मैदानावरच राहिले. पुढच्या फळीतल्या जाड्या मुलांना शिकवायचं काम त्यांच्याकडे होतं, बिनपगारी.

मला वाटलं होतं, ही मारामारी असणार. मारामारी आहेच. पण मी पहिल्यांदा थर्मास आणि घडीचं स्टूल घेऊन बांधावर बसले आणि थोड्या वेळाने लक्षात आलं की हा मी पाहिलेला सर्वांत शिस्तीचा खेळ आहे. सगळे थांबतात, एकत्र येऊन ठरवतात, ओळीत उभे राहतात, चार-पाच सेकंद धुमश्चक्री करतात आणि पुन्हा थांबतात. नीट घेतलेल्या प्रॅक्टिकलसारखं. मी उभा जन्म केमिस्ट्री शिकवली. मला हे पटलं. तेव्हापासून मी जाते. गुडघा म्हणेल तेवढंच.

संघाच्या मुख्य प्रशिक्षकाला इथे कांतोकु म्हणतात. त्या वेळचे कांतोकु सत्तरीपुढचे होते. ते बोलायचे फार कमी, पण टोपी काढली की मुलं पळायची थांबत. हंगामाच्या तोंडावर ते आजारी पडले. माजी खेळाडूंच्या मंडळाने काकांना सांगितलं, एवढा हंगाम तुम्ही बघा. पण नेमणूक नाही. नावापुढे जोडायचा शब्द होता दाइको. मी आत्याला अर्थ विचारला तर ती म्हणाली, "तुमच्या भाषेत, प्रभारी."

'तुमच्या भाषेत' हे तिने मुद्दाम म्हटलं होतं. त्याचं कारण तुम्हाला कुणी सांगितलेलं नसेल. मी आमच्या कॉलेजात सहा वर्षं प्रभारी प्राचार्य होते. आधीचे प्राचार्य निवृत्त झाले, नव्यांची निवड लांबली आणि सगळ्यांत ज्येष्ठ म्हणून काम माझ्याकडे आलं. मुलाखती दोनदा झाल्या. प्राचार्यपदाचा अनुभव हवा, असं समितीचं म्हणणं पडलं. मी म्हटलं, मी तेच तर करते आहे. समितीतले एक गृहस्थ फार सौजन्याने म्हणाले, "मॅडम, तो अनुभव प्रभारी आहे." सहा वर्षांनी दुसऱ्या गावाहून एक अनुभवी प्राचार्य आले. आमच्या कॉलेजच्या जिन्यासमोर प्राचार्यांच्या नावांचा लाकडी फळा आहे, नाव आणि पुढे वर्षं. एकाची वर्षं संपतात तिथून सहा वर्षांनी पुढच्याची सुरू होतात. त्या फळ्याच्या हिशेबाने मधली सहा वर्षं कॉलेजात कुणी नव्हतं.

तेव्हा काका प्रभारी झाले हे ऐकून मला आनंद झाला नाही.

पहिले काही सामने बरे गेले. मग एक सामना हरले, तो मी स्वतः बघितला. आम्ही चार गुणांनी मागे होतो आणि चेंडू गोलरेषेच्या अगदी जवळ होता. एक टाइमआउट शिल्लक असता तर घड्याळ थांबवून आणखी एक चाल खेळता आली असती. पण तिन्ही आधीच वापरून झाले होते. शेवटचा काकांनी घेतला होता तो पुढच्या फळीतला एक मुलगा पाय चुकीचा ठेवत होता, ते सांगायला. घड्याळ संपलं आणि मुलं उभ्या जागी गुडघ्यांवर बसली.

घरी आल्यावर काका स्वतःच म्हणाले, "आई, मी अजून फळीच बघत होतो. कांतोकुने घड्याळ बघायचं असतं." ते माझ्याशी इंग्रजीत बोलतात, मधे मधे मराठी शब्द घालतात, मी इथे सगळं मराठीतच लिहिते.

धाकट्या, हे तू नीट वाच. ताईचा मुद्दा तो हाच. पहिल्यांदा मुख्य झालेला माणूस बराच काळ आपलं जुनंच काम करत राहतो, कारण ते त्याला येतं. मीही प्रभारी झाल्यावर पहिलं वर्षभर रोज प्रयोगशाळेच्या कपाटांच्या किल्ल्या तपासायला जात होते.

हंगाम संपत आला तसं जुने कांतोकु परत येणार नाहीत हे कळलं आणि मंडळात दोन नावं चर्चेत आली. एक काका. दुसरा काकांपेक्षा दोन वर्षांनी मागचा, याच संघातला खेळाडू. तो दुसऱ्या एका विद्यापीठात तीन हंगाम कांतोकु होता. जिंकला कमी, हरला जास्त. पण कांतोकु होता.

त्या रात्री जेवताना हा विषय निघाला. काका आमटीची वाटी दोन्ही हातांनी उचलून पितात, ती त्यांनी खाली ठेवलीच नाही.

"कॉलेजात ह्याच्या बॅगा उचलायचा तो," आत्या मला म्हणाली.

"बॅगा नाही," काका म्हणाले. "टॅकलिंगच्या डमी. बॅगा सगळेच उचलायचे."

"बरं, डमी. आणि आता तो ह्याच्या डोक्यावर बसणार."

"तीन वर्षं हरला आहे तो," मी म्हटलं. "त्याला कशाला घेतील?"

"आई, मंडळातले काही जण तेच म्हणतात," काका म्हणाले. "जो मुख्य होऊन हरला आहे त्याला हरल्यावर काय करायचं ते तरी माहीत आहे. मला माहीत नाही. मी मंडळात असतो तर कदाचित त्यालाच निवडलं असतं."

"ऐकलंस?" आत्या म्हणाली. "ह्याला शत्रू नकोत. हा स्वतःच पुरतो."

मी म्हटलं, तो आला तर येऊ दे, तुम्ही पूर्वीसारखे त्याच्या हाताखाली फळी शिकवा. मग आत्याने समजावून सांगितलं की तसं इथे होत नाही. आपल्यामागून आलेला धाकटा खेळाडू कांतोकु झाला की त्याच्या आधीच्या तुकड्यांतल्या लोकांनी बाजूला व्हायचं असतं. कुणी सांगत नाही, कुठे लिहिलेलं नाही. पण आपल्यापेक्षा मोठा माणूस मैदानावर उभा असेल तर धाकट्याला हुकूम कसा देता येईल? म्हणून मोठ्याने स्वतःच यायचं बंद करायचं. म्हणजे काका कांतोकु झाले तर राहणार, नाही तर वीस-बावीस वर्षांचे शनिवार-रविवार संपले.

"मग मागून घ्या ना," मी म्हटलं. "मला हवं आहे म्हणून सांगा."

"मागायचं नसतं, आई," काका हसून म्हणाले. "मागितलं की मिळत नाही. विचारायला येतात. आले की नाही म्हणायचं. मग ते पुन्हा विचारतात."

"आणि पुन्हा नाही विचारलं तर?"

त्यांनी वाटीतली उरलेली आमटी संपवली.

विचारायला खरोखरच आले. हंगाम संपल्यावर एका रविवारी दुपारी मंडळाचे अध्यक्ष घरी आले. घरी येणं ही इथे मोठी गोष्ट असते. कांतोकु झालेल्या माणसाचे सगळे सुटीचे दिवस जातात, म्हणून घरच्यांची तयारी आहे ना ते बघायला आपण आलो, असं त्यांनी मला आल्या आल्या सावकाश इंग्रजीत सांगितलं. ठेंगणे, केस पूर्ण पांढरे, मोज्यांवर एक सुरकुती नाही. आत्याने चहा केला. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत, कारण मला खाली बसता येत नाही. बाकी सगळे खाली. एकटीच उंच बसले होते आणि भाषा कळत नव्हती. तुम्ही लहानपणी आवाज बंद करून टीव्ही बघायचात, तसं माझं चाललं होतं.

अध्यक्ष काकांना काहीतरी म्हणाले. काकांनी मान खाली घालून उत्तर दिलं. अध्यक्षांनी लगेच नाकासमोर पंजा आडवा हलवला. छे छे, असं काय म्हणता, असा त्याचा अर्थ. एवढं मला तोवर येत होतं. म्हणजे काका नाही म्हणाले होते आणि त्यांनी ते मनावर घेतलं नव्हतं. सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं.

मग ते आत्याकडे वळले आणि त्यांनी तिला काहीतरी विचारलं. आत्याने गुडघ्यांवर हात ठेवले, किंचित वाकली आणि छान, मृदू आवाजात दोन-तीन वाक्यं बोलली. मला तिचा अभिमान वाटला. पुण्याच्या घरात जी मुलगी ओरडल्याशिवाय दार उघडायला सांगत नसे, ती अशी बोलत होती.

अध्यक्षांचा हात हलला नाही. पंजा मांडीवर होता तसाच राहिला. त्यांनी मान हळू खाली-वर केली, कप उचलला, चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायले आणि थोड्या वेळाने आभार मानून उठले.

दार लागल्यावर मी विचारलं, "तू काय बोललीस?"

"काही नाही गं. जे बोलतात तेच. म्हटलं, अजून कच्चे आहेत, एवढी जबाबदारी त्यांना पेलेल की नाही याची आम्हा घरच्यांनाही शंका वाटते. बायकोने असंच म्हणायचं असतं."

"त्यांनी हात हलवला नाही," मी म्हटलं.

आत्या कप गोळा करत होती, ती थांबली. काका दाराशीच उभे होते. त्यांनीही ते पाहिलं असावं; त्यांनी पाहुण्यांच्या सपाता उचलून कपाटात ठेवल्या.

काही दिवसांनी काकांच्या वर्गातल्या एका मित्राचा फोन आला. तो मंडळाच्या बैठकीला होता. काकांचं नाव निघाल्यावर अध्यक्षांनी उठून सांगितलं म्हणे, मी त्यांच्या घरी गेलो होतो. ते स्वतः नाही म्हणाले, ते ठीक, तसं म्हणतातच. पण त्यांच्या पत्नी भारतीय आहेत. भारतीय माणसं आपल्यासारखी आडून बोलत नाहीत, मनात असतं ते सांगतात. आणि त्याच म्हणाल्या की शंका वाटते. पहिल्यांदाच मुख्य होणाऱ्या माणसाबद्दल घरच्या माणसाला शंका असेल तर आपण जबाबदारी कशी टाकावी?

फोन झाल्यावर काकांनी ते जसंच्या तसं आत्याला सांगितलं. रागावून नाही, बातमी सांगावी तसं. आत्या सिंकपाशी गेली आणि नळ सोडून नुसती उभी राहिली.

"पंधरा वर्षं," ती मला म्हणाली, मराठीत. "पंधरा वर्षं मी ह्यांची भाषा शिकले. किती वाकायचं, कुठे थांबायचं, सगळं. एकदा, एकदाच बिनचूक बोलले, तर तो माणूस मला परदेशी समजला."

"तू पुण्यासारखं बोलली असतीस तर?"

"तर म्हणाला असता, काय उद्धट बाई आहे." तिने नळ बंद केला. "आणि कांतोकु ह्याला केलं असतं."

मग तिने फोन उचलला. मी अध्यक्षांना सांगते, ती म्हणाली, की मी तुमच्याच रीतीने बोलले. काकांनी तिच्या हातातून फोन घेतला नाही, नुसता हात पुढे धरला. "नको. तू फोन केलास तर मी करायला लावला असं होईल. आणि त्यांनी चुकीचं ऐकलं असं त्यांना सांगितल्यासारखं होईल."

"त्यांनी चुकीचंच ऐकलं आहे."

"हो. म्हणूनच नको."

ती बराच वेळ फोन हातात धरून बसली. मला त्या वेळी तिच्याकडे बघवेना. बाहेर जावं म्हटलं तर गॅलरी, आणि गॅलरीतून दिसणार ते मैदान.

निर्णय आला तो कुणीच धरला नव्हता असा. मंडळाने त्या दुसऱ्या माणसाला निवडलं, पण त्याचा तिकडचा करार एक वर्ष बाकी होता. तोवर काकांनी प्रभारी म्हणूनच बघावं, अशी विनंती. म्हणजे आणखी एक हंगाम घाम काकांनी गाळायचा, आणि तो आला की रीतीप्रमाणे निघून जायचं. ज्याच्यासाठी जागा राखायची तो माणूस आला की आपली जागा जाणार.

आत्या म्हणाली, सरळ नाही म्हण. मीही तेच म्हटलं. मी सहसा जावयांच्या कामात बोलत नाही, पण त्या दिवशी बोलले. चहा झाल्यावर त्यांना समोर बसवून सगळी माझी हकिकत सांगितली. मुलाखती, तो सौजन्यशील माणूस, फळा. हरल्यावर दोष प्रभारीचा, जिंकल्यावर श्रेय संस्थेचं, आणि शेवटी त्या वर्षांचा हिशेब अनुभवात धरत नाहीत. माझी सहा वर्षं अशी गेली. तुम्ही एकही देऊ नका.

त्यांनी नीट ऐकलं. ते कुणाचंही नीट ऐकतात. मग विचारलं, "आई, त्या सहा वर्षांत कॉलेज चाललं?"

"चाललं म्हणजे?"

"परीक्षा झाल्या? मुलं पास झाली?"

"झाली," मी म्हटलं. "न होऊन कसं चालेल?"

"हं," ते म्हणाले, आणि उठून फोन करायला गेले. होकार दिला.

मला राग आला. दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. मी त्यांना दार दाखवत होते आणि ते उठून आतली कडी लावून आले, असं मला वाटलं. कदाचित माझ्या हकिकतीने जे करू नका म्हणून सांगितलं तेच त्यांना करावंसं वाटलं असेल. ते मी अजून विचारलेलं नाही.

तो हंगाम झाला. दुसरा माणूस आला नाही. त्याच्या विद्यापीठाने त्याचा करार आणखी एका वर्षाने वाढवला आणि त्याने पुढच्या वर्षी नक्की येतो असा निरोप धाडला. या वर्षीही तोच निरोप आला, आणखी जास्त नम्र शब्दांत. मंडळ त्याला सोडत नाही, कारण एकदा निवडलेल्या माणसाला नको म्हणणं बरं दिसत नाही. काकांना नेमत नाही, कारण निवड झालेली आहे. काकांना सोडता येत नाही, कारण तो आलेला नाही. आत्या म्हणते, ही दोघं सासू-जावई नाहीत, एकाच बिल्डरचे ग्राहक आहेत. दोघं म्हणजे मी आणि काका. माझ्या खड्ड्याचा फोटो आला की ती काकांना दाखवते, आणि मंडळाचा निरोप आला की मला.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर.

ताई, तुझा मुद्दा खोटा नाही. शेवटच्या टाइमआउटचा तो सामना मी डोळ्यांनी बघितला आहे. माझ्यानंतर आमच्या कॉलेजात आलेले ते अनुभवी प्राचार्य, त्यांच्याविषयी मी मनात बरंच काही ठेवून होते, पण माणूस कामाचा होता. कुठला अर्ज दुसऱ्या दिवशी आपोआप मागे घेतला जाणार आहे ते त्यांना वाचताक्षणी कळायचं, आणि ते उत्तर लिहीत नसत. मी प्रत्येक अर्जाला उत्तर लिहायचे. अनुभवाने येणारी ही गोष्ट हुशारीने येत नाही, आणि तिची किंमत विद्यार्थ्यांनी का मोजावी, हा प्रश्न रास्त आहे.

तरी माझं मत धाकट्याच्या बाजूने पडतं, पण त्याच्या कारणासाठी नाही. कुणीही कधीतरी पहिल्यांदा करतो, हे खरं असलं तरी त्याने आपल्याच संघावर का शिकावं, याचं उत्तर त्यात नाही. माझं कारण मी इथे बघितलं ते. त्या सामन्यानंतरच्या आठवड्यात काकांनी घड्याळाचं काम एका चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला दिलं आणि सांगितलं, मी फळीकडे बघायला लागलो की माझी बाही ओढ. पुढच्या सामन्यात त्याने बाही इतक्यांदा ओढली की शिवण उसवली. मी ती शिवून दिली. तिसऱ्या सामन्यापर्यंत ओढायची गरज उरली नाही. पहिल्यांदा आलेल्या माणसाला आपल्याला काय येत नाही ते कळलं, आणि त्याने ते चारचौघांत सांगितलं, तर एका हंगामात तो बराच पुढे जातो. तीन वर्षं हरलेल्याला असं सांगणं जड जात असेल. मला नक्की माहीत नाही.

पण एक गोष्ट मला नक्की माहीत आहे. नव्या माणसाला घ्यायचं तर पूर्ण घ्या. नाव द्या, मुदत द्या, आणि तो हरेल तेव्हा काय करायचं ते आधी ठरवा. नसेल घ्यायचं तर सरळ दुसरा आणा. काम द्यायचं आणि पद राखून ठेवायचं, हे मात्र करू नये. तुमच्या युनिव्हर्सिटीने निदान ते केलेलं नाही. ताई, त्या माणसाला दोन हंगाम तरी शिव्या घालू नकोस.

आता उत्तर संपलं, आणि संध्याकाळ झाली आहे. गॅलरीतून पलीकडच्या पुलावरची ट्रेन दिसते, खाली मैदानावर कुणी नाही. खिडकी वीतभर उघडी आहे.

पुण्यात अजून खड्डाच आहे. विद्यापीठाच्या क्लबच्या खोलीत कांतोकुंच्या फोटोंची रांग आहे, तिच्यात काकांचा फोटो नाही आणि पुढे लागेल असं कुणी सांगितलेलं नाही. संघ आहे. शनिवारी सकाळी मुलं सायकलींवरून बांधावर येतात, हेल्मेटं ओळीत मांडतात, आणि शिट्टी काका वाजवतात.